गोआना घळीतले बुजवलेले खड्डे

नोरीन : दोन पावलं मागे ये, मर्विन. वळू नकोस. तसाच मागे.

मर्विन : का? पाय पडला का तुझ्या कुठल्या ऑर्किडवर?

नोरीन : नाही पडला.

मर्विन : मी खाली बघूनच चालतो. चाळीस वर्षं खाली बघूनच चालतोय.

नोरीन : तुला फुलं दिसली असती तर काय हवं होतं! मागच्या रविवारी त्या हिरव्या ऑर्किडवर बूट ठेवून सगळा डबा संपवलास. ते जाऊ दे. मेटल डिटेक्टरची तबकडी तिथे परत फिरव. त्या झाडाच्या मुळाशी, तांबड्या मुरमावर.

मर्विन : आत्ताच फिरवली की.

नोरीन : परत फिरव.

मर्विन : हे बघ नोरीन, ही घळ मेलीये. एके काळी इथली गारगोटी कुजून तिच्यातलं सोनं मुरमात सुटं होऊन पडलेलं असायचं. डूगल माझा जोडीदार होता तेव्हा आम्ही संध्याकाळपर्यंत सोन्याने काडेपेटीचा तळ झाकायचो. आता दोन वर्षांत काय मिळालं? खिळे. घोड्याचा नाल. कुणाच्या तरी चुलीचं झाकण. लोकांनी घासूनपुसून नेलंय सगळं. म्हणून तर उद्या बॅलरॅट शहरातला तो माणूस येतोय, त्याला हे यंत्र विकून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. आज आलो ते तुझ्या हट्टापायी.

नोरीन : मग बायकोचा आणखी एक हट्ट पुरव. खण तिथे.

मर्विन : न वाजता खणू?

नोरीन : खण. नाहीतर कुदळ इकडे दे, मी खणते.

मर्विन : तू खणशील आणि आठवडाभर मी तुझ्या कमरेला मलम चोळत बसेन. सर बाजूला. हा एक घाव. हा दुसरा. झालं समाधान?

नोरीन : आणखी चार बोटं.

मर्विन : खाली खडक लागणार. हं, मऊ आहे म्हणा. नखाने निघतोय. यात काही नाही, नोरीन, नुसती तांबडी माती आणि... थांब.

नोरीन : काय?

मर्विन : थांब थांब. सावली पाडू नकोस. हे काय आहे? चष्मा कुठाय माझा?

नोरीन : डोक्यावर.

मर्विन : पिवळं आहे. नोरीन, पिवळं आहे गं! तांदळाच्या दाण्याएवढं. एका टोकाला अजून गारगोटी चिकटलेली आहे, बघ. अरे देवा. दोन वर्षांनी! तुला कसं कळलं? चमकलं का उन्हात?

नोरीन : चार बोटं खाली होतं, मर्विन. चमकेल कसं?

मर्विन : मग?

नोरीन : ऐकू आलं.

मर्विन : काय ऐकू आलं?

नोरीन : डिटेक्टर वाजला. तू मुळावरून गेलास तेव्हा. बारीकसा, वर चढला आणि खाली आला. तूच तर शिकवलंस मला, बारीक सोनं बारीकच बोलतं म्हणून.

मर्विन : नाही वाजला.

नोरीन : वाजला.

मर्विन : स्पीकर माझ्या खांद्यावर आहे. कानापासून एक वीत. तू सहा पावलं मागे.

नोरीन : तो दाणा त्या झाडाच्या सालीवर ठेव. आता फिरव त्याच्यावरून तबकडी. माझ्या बोटाकडे बघ. वाजला की मी बोट वर करते.

मर्विन : हा काय पोरखेळ?

नोरीन : फिरव रे. हं, हा वाजला. हा परत. आता तू बाजूला नेलीस, आता नाही. हा वाजला.

मर्विन : बॅटरी उतरलीये.

नोरीन : बॅटरी उतरली असती तर मलाही ऐकू आलं नसतं.

मर्विन : कुदळीवरून फिरवतो. हे बघ! हे ऐकू आलं मला. मस्त घुमतंय. उगाच काहीतरी बोलतेस.

नोरीन : कुदळ लोखंडाची आहे. ती जाड बोलते. जाड आवाज तुला येतात, मर्विन. बारीक येत नाहीत.

मर्विन : म्हणून खिळे.

नोरीन : हो.

मर्विन : दोन वर्षं नुसते खिळे.

नोरीन : बस जरा. त्या ओंडक्यावर बस. चहा ओतते.

मर्विन : नको मला चहा. कधीपासून?

नोरीन : हेडफोन कानाला बोचतो म्हणून तू स्पीकर घेतलास, तेव्हापासून. त्याआधी मला कुठे काय ऐकू यायचं? मी आपली मागून फुलं शोधत यायचे. पहिल्याच दिवशी ऐकलं. मला वाटलं आता थांबेल, आता वाकेल. तू शीळ घालत पुढे निघून गेलास. मी तिथेच उभी राहिले.

मर्विन : हाक मारायची.

नोरीन : मारली होती. तीही तुला ऐकू आली नाही.

मर्विन : मग घरी सांगायचंस. दोन वर्षं रोज समोरासमोर बसून जेवतोय आपण. दोन वर्षं मी या घळीला शिव्या घालतोय, बाहेरून येणाऱ्या लोकांना शिव्या घालतोय, आणि तू शेजारी बसून बटाटे सोलतेस! मजा वाटली का?

नोरीन : मजा? तुझ्या वडिलांना विसरलास का रे? टेबलाच्या टोकाला बसायचे. सगळे आपापसात बोलायचे आणि ते बिचारे ज्याचे ओठ हलतील त्याच्याकडे बघून हसायचे. त्यांच्या अंत्यविधीहून येताना गाडीत तू काय म्हणालास? माझं असं होईल त्या दिवशी मी माणसांत बसायचं सोडून देईन. तू बोललेलं करतोस, मर्विन. एकदा म्हणालास सिगारेट सोडली, तर त्या दिवसापासून सोडलीस. मला भीती वाटली. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

मर्विन : आणि आज कशी हिंमत आली?

नोरीन : उद्या यंत्र जाणार म्हणून. ते गेलं की तू सकाळी उठून करणार काय? भिंतीकडे बघत बसशील. जमीन संपली म्हणून सोडतोयस, आणि जमीन संपलेलीच नाही. ते मला बघवेना.

मर्विन : संपली नाही हे तुला काय माहीत? एक दाणा मिळाला म्हणून?

नोरीन : एक नाही.

मर्विन : म्हणजे?

नोरीन : आधी कबूल कर, ओरडणार नाहीस.

मर्विन : ओरडलो तर निदान मला ऐकू तरी येईल. बोल.

नोरीन : घरी माझ्या लोकरीच्या टोपलीत मोहरीची एक रिकामी बाटली आहे. तिच्यात आहेत. बरेच आहेत. एक तर चांगला वाटाण्याएवढा आहे.

मर्विन : कुठून आले?

नोरीन : तुझ्या मागून. तू पुढे गेलास की मी वाजलेल्या जागी कपड्यांचा चिमटा खोचायचे. गुरुवारी तू क्लबात बोलिंग खेळायला गेलास की परत यायचे. वीतभर माती खणायची, बादलीत भरून घरी न्यायची आणि कपडे धुवायच्या टाकीत धुवायची.

मर्विन : ती तुंबलेली टाकी मी दोनदा मोकळी केली! आत पोपडा धरला होता तांबड्या मातीचा. तू म्हणालीस कुंड्या धुतल्या.

नोरीन : म्हणाले खरी.

मर्विन : दोन्ही वेळा कुंड्याच?

नोरीन : दुसऱ्या वेळी रताळी म्हणाले होते. पहिल्यांदा केलं ते नुसती खात्री करायला. देवाशप्पथ. वाटलं, खिळाच निघू दे, म्हणजे माझेच कान वाजतायत असं होईल. निघालं सोनं. मी त्या टाकीवर हात टेकून रडले, मर्विन. पुढच्या गुरुवारी मात्र रडायला नव्हते गेले. हौसेनेच गेले. तबकात माती गोल फिरवायची, फिरवायची, आणि मग कडेला तो पिवळा दाणा एकटाच मागे राहतो... मला कळलं, तू चाळीस वर्षं का येतोस इथे.

मर्विन : खणलंस कशाने?

नोरीन : बागेतल्या खुरप्याने.

मर्विन : आणि खड्डे?

नोरीन : बुजवले. सगळे. उघडा खड्डा टाकून जाण्याइतकी अडाणी नाही मी.

मर्विन : वर काय केलंस?

नोरीन : पाय देऊन दाबलं. वर पाचोळा पसरला. ओला खाली, कोरडा वर.

मर्विन : ओला खाली, कोरडा वर.

नोरीन : हो. तोंड का असं झालं तुझं?

मर्विन : हे तुला कुणी शिकवलं?

नोरीन : डूगलने. आपलं लग्न झालं त्या वर्षी. तू सोन्यामागे पुढे धावत होतास, तो बिचारा थांबून मला दाखवत होता. म्हणाला, कांगारूलासुद्धा कळता कामा नये. मर्विन, काय झालं? छातीत दुखतंय का?

मर्विन : तसं डूगलखेरीज कुणी बुजवत नाही. सगळ्या डनॉली गावात कुणी नाही. बाकीचे माती लोटतात आणि जातात.

नोरीन : मग?

मर्विन : मला दिसले होते ते खड्डे. गेल्या वर्षी, ईस्टरनंतर. मी ज्या ओळीने चाललो, त्याच ओळीत. इथे एक, तिथे एक. ही ओळ मला माहीत आणि डूगलला माहीत. आणि पाचोळा... मला वाटलं, तो माझ्या मागून येतोय. मी वाट शोधायची आणि यानं मागून उकरायचं.

नोरीन : तू त्याला काही बोललास?

मर्विन : फाटकाशी जाऊन बोललो. 

नोरीन : काय बोललास?

मर्विन : तेच. मागून उकरणारा.

नोरीन : डूगलला? अरे, उपाशी राहील पण दुसऱ्याच्या खड्ड्याकडे बघणार नाही तो! आणि मला काय सांगितलंस? ट्रेलर वेळेवर परत दिला नाही म्हणून वाजलं!

मर्विन : ट्रेलर त्याने वेळेवरच दिला होता. टायरमध्ये हवाही भरून दिली होती.

नोरीन : चौदा महिने! आपण क्लबात त्याच्याकडे पाठ करून बसलो. त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी सूपसुद्धा नाही पाठवलं, तुझी बाजू घेऊन! आणि ते खड्डे माझे!

मर्विन : तो एक शब्द बोलला नाही. मी म्हणालो तसं नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि फाटक लावून घेतलं. मला वाटलं, चोराच्या तोंडाला कुलूप.

नोरीन : ऊठ.

मर्विन : हा खड्डा बुजवायचाय अजून.

नोरीन : मी बुजवते. तू गाडी सुरू कर.

मर्विन : त्याच्याकडे? आत्ता? काय सांगणार मी त्याला?

नोरीन : ते वाटेत ठरव. वीस मिनिटं आहेत.

(डूगलचं घर. ऊन कललंय. जाळीच्या दाराच्या आत डूगल, बाहेर पायरीवर ते दोघं.)

डूगल : नोरीन. ये.

नोरीन : हाही आलाय.

डूगल : डोळे नवीन आहेत माझे. दिसतोय.

मर्विन : डूगल, मी... ते हे... तुझा कुत्रा कसा आहे?

डूगल : मेला. जूनमध्ये.

मर्विन : अरेरे. कळलं नाही मला.

डूगल : कळणार कसं?

नोरीन : डूगल, मी बोलते. हा वाटेत काय काय घोकत होता आणि आता कुत्र्याचं विचारतोय. गोआना घळीतले ते खड्डे माझे होते. मी खणले. तू नाहीस. त्याने तुला वाटेल ते सुनावलं ते माझ्यामुळे. मला आज कळलं, शप्पथ, अर्ध्या तासापूर्वी.

डूगल : माहीत आहे.

नोरीन : काय माहीत आहे?

डूगल : खड्डे तुझे ते.

मर्विन : तुला माहीत होतं?

डूगल : तू मला बोलून गेलास, दुसऱ्या दिवशी जाऊन उकरून बघितले. पाचोळा माझ्यासारखा. पण आतल्या कडा गोल. कुदळीची कड सरळ येते. हे खुरपं होतं. घळीत खुरपं घेऊन कोण जाईल?

मर्विन : मग परत येऊन मला सांगायचं नाही का, गाढवा?

डूगल : काय सांगायचं?

मर्विन : हेच! माझी बायको आहे म्हणून!

डूगल : मग तू विचारलं असतंस, तिला जागा कशा कळल्या. मग?

नोरीन : म्हणजे तुला तेही...

डूगल : त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही शेजारी शेजारी चालत होतो. याचा डिटेक्टर तीनदा वाजला. हा तीनदा पुढे गेला. मी म्हणालो, दमलो, घरी जाऊ.

मर्विन : तू तेव्हा म्हणालास, गुडघा दुखतोय.

डूगल : गुडघा काय, नेहमीच दुखतो.

मर्विन : चौदा महिने तू चोर म्हणवून घेतलंस. मला बहिरा म्हणायला नको म्हणून.

डूगल : तू तिच्यावर चिडला असतास. घरात. माझ्यावर चिडलेलं परवडलं. मी बाहेरचा माणूस.

मर्विन : बाहेरचा म्हणे! तू कसला बाहेरचा? माझ्या लग्नात अंगठी तुझ्या खिशात होती. तू बाहेरचा असतास तर मला एवढं लागलं असतं का? दुसऱ्या कुणी उकरलं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरून गेलो असतो. तू केलंस असं वाटलं आणि मला झोप लागेना. दर रविवारी त्या घळीत जातो आणि उजवीकडे बघतो. तिथे कुणी नसतं. तुम्हा दोघांनी मिळून ठरवलंत, मर्विनला सोसणार नाही. सोसलं असतं मला. तुझ्याशी अबोला सोसण्यापेक्षा तर नक्कीच.

डूगल : हं.

मर्विन : हं काय? मी चुकलो, डूगल. तुझ्या फाटकाशी उभं राहून जे बोललो ते फार वाईट बोललो. तुझ्यासारख्या माणसाला तसं म्हणण्याआधी माझी जीभ झडायला हवी होती. 

डूगल : झडली असती तर बरं होतं. मुका आणि बहिरा. शांतता तरी.

नोरीन : तुम्ही दोघं हसताय का रडताय?

डूगल : दार उघडंच आहे. ढकला जरा, खाली घासतं. किटली ठेवतो.

नोरीन : मी ठेवते. तू बस. अरे, हे काय, एकच कप बाहेर ठेवतोस का?

डूगल : बाकीचे वर आहेत. धूळ असेल. उद्या बॅलरॅटहून कुणी येतोय म्हणे, यंत्र न्यायला. पेट्रोल पंपावर ऐकलं.

मर्विन : येत होता. आता नाही. नोरीन, तू फोन कर त्याला. फोनवर मला जरा...

नोरीन : जरा काय?

मर्विन : तूच कर. काय सांगायचं ते सांग.

नोरीन : सांगते, म्हातारा आजच यंत्राच्या पुन्हा प्रेमात पडला. साखर कुठाय, डूगल?

डूगल : डब्यात. लाल. रविवारी तुम्ही जाणार असाल तर... गुडघा बरा आहे माझा सध्या. मी याच्या उजवीकडून चालेन, तू डावीकडे राहा. वाजलं की खांद्यावर हात ठेवायचा. ओरडायचं नाही. खणायचं त्यानेच. त्याचा हात अजून हलका आहे. आपण दोघं माती नुसती उपसतो.

नोरीन : मला चालेल. त्याला विचार.

डूगल : ऐकलंस का, मर्विन? 

मर्विन : अं?

डूगल : रविवारी म्हटलं. येऊ का?

मर्विन : तू त्या कपाटात तोंड घालून बोलतोयस, डूगल. इकडे ये. असा समोर बस आणि परत सांग. मला ऐकू येत नाही रे.